उत्तर कोणी ठरवलं?

रविवारी रात्री साडेनऊला आम्ही सातजण आपापल्या घरून संगणकासमोर बसतो. एकाने जुन्या ध्वनिमुद्रणातला वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा ऐकवायचा, बाकीच्यांनी राग ओळखायचा. बक्षीस काही नाही. गुणांची वही मात्र आहे आणि ती माझ्याकडे असते.

गेल्या पावसाळ्यात एका तुकड्यावरून वाद झाला. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. मी पूरिया म्हणालो, दुसऱ्याने मारवा सांगितलं. लखनौच्या आपा सत्तरीच्या आहेत, घरात ठुमरी ऐकत वाढलेल्या. त्या इतकंच म्हणाल्या, ‘हा गाणारा दारात उभा राहून कुणाची तरी वाट पाहतोय. घरात येऊन बसलेला नाही.’ नाव त्यांना सांगता आलं नाही. उत्तर मारवा होतं. मारव्यात गायक रिषभ-धैवतावर रेंगाळतो आणि षड्जावर टेकायचं लांबवत राहतो. आपांनी नेमकं तेच ऐकलं होतं. तरी नियमाप्रमाणे मी त्यांच्या नावापुढे शून्य लिहिलं.

ते शून्य डोक्यातून जाईना. राग ओळखण्याच्या खेळाला एकच बरोबर उत्तर असतं, हे मुळात ठरलं केव्हा? शोध घेत गेलो तर वाट मुंबईहून निघून आपांच्याच शहरात पोचली.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली वाळकेश्वरचा. पेशाने वकील. त्या काळी एकच राग एका घराण्यात एका चालीने आणि दुसऱ्या घराण्यात वेगळ्या चालीने गायला जाई. दोघेही आपापल्या गुरूचा हवाला देत आणि वाद तिथेच थांबे. भातखंडे वकिलासारखे पुरावे गोळा करायला निघाले. १९०४ साली दक्षिणेत गेले, तिथे एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले. १९०८च्या उत्तरेच्या दौऱ्यात अलाहाबाद, बनारस आणि लखनौ ही गावं होती. जातील तिथे त्यांचे प्रश्न तयार असत: हा स्वर इथे का लागतो? तुमच्या रागाला ग्रंथाचा आधार कोणता?

१९१०पासून त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहायला घेतला. त्याचे चार भाग आहेत आणि सगळं लेखन गुरू-शिष्यांच्या संवादातून पुढे जातं. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडतो. आमच्या रविवारच्या खेळाचं हे पूर्वरूपच म्हणायला हवं. उत्तर हिंदुस्थानातल्या वाचकांना हा ग्रंथ पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदीत उपलब्ध करून दिला.

पण एकट्याने लिहून उत्तर सर्वमान्य होत नाही. त्यासाठी गायक, वादक, पंडित एका मांडवाखाली यावे लागतात. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्याला भरली, मग दिल्लीला आणि बनारसला. चौथी आणि पाचवी लखनौला, १९२४ आणि १९२५ साली. रागांची रूपं गाऊन दाखवायची, त्यावर चर्चा करायची आणि जमेल तिथे एकमत करायचं, असा बेत असे. लखनौत राय उमानाथ बली आणि राजा नवाब अली यांच्यासारखी माणसं पाठीशी होती. नवाब अलींनी भातखंड्यांची मांडणी उर्दूत आणली. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचीही मदत झाली. १९२६ साली मॅरिस कॉलेज सुरू झालं. नाव गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचं, आराखडा भातखंड्यांचा. पुढे ही संस्था कैसरबागेतल्या परीखान्यात गेली. वाजिद अली शाहच्या काळात जिथे नृत्य-गायनाची तालीम चाले, तिथे आता फळा, खडू आणि प्रश्नपत्रिका आल्या.

१९२८ साली श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले. मुंबईत वाढलेले, भातखंड्यांचे शिष्य आणि बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले. १९३६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा अकरा वर्षांचा कृष्ण गिंडे त्यांच्याकडे शिकायला लखनौला पोचला. तेच पुढे पंडित के. जी. गिंडे. दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर हेही तिथलेच. मुंबई-कर्नाटकातली मुलं गोमतीकाठी राहून रागांची लक्षणं घोकत होती.

घोकण्याचं एक साधन म्हणजे लक्षणगीत. यात चिजेच्या शब्दांतच रागाचे स्वर, वादी-संवादी, गाण्याची वेळ सांगितलेली असते. प्रश्न आणि उत्तर एकाच चालीत. भातखंड्यांनी अशी गीतं रचली, रातंजनकरांनीही रचली. ज्याला लक्षणगीत पाठ, त्याला भूप आणि देसकार सहसा फसवत नाहीत. दोघांचे स्वर तेच पाच. पण भूप गांधाराचा आणि संध्याकाळचा, देसकार धैवताचा आणि सकाळचा.

हे सगळं नसतं तर आमचा खेळ एका संध्याकाळीच मोडला असता. प्रत्येकाने ‘आमच्याकडे असंच गातात’ म्हटलं असतं आणि वहीत लिहायला काही उरलं नसतं. घराण्याबाहेरच्या माणसाला, बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्याला, रागाच्या दाराशी येता आलं ते या पुस्तकांमुळे.

पण प्रश्नाला धारही असते. भातखंड्यांच्या प्रश्नांपुढे अनेक उस्ताद निरुत्तर झाले आणि त्यांनी ते नोंदवूनही ठेवलं. आयुष्यभर गळ्यात राग वागवलेल्या माणसाला ग्रंथाधार विचारला की तो गप्प होतो. त्या गप्प होण्याला अज्ञान म्हणायचं का? स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीत कलाकारांची चाचणी सुरू झाली, तिच्या मंडळाची धुरा रातंजनकरांकडे होती. नावाजलेल्या गवयांना परीक्षेला बसावं लागणार म्हणून नाराजी उसळली, मुंबईत तर फारच. प्रश्न विचारणारा विद्वान होता, हेतूही वाईट नव्हता. तरी समोर बसलेल्याला वाटलं की आपलं गाणं ऐकलं जात नाही, तपासलं जातंय.

आणि गंमत अशी की ज्या शहरात ही उत्तरपत्रिका पक्की झाली, त्या शहराचं स्वतःचं गाणं तिच्यात नीट मावत नाही. लखनौची ठुमरी, बिंदादीन महाराजांच्या परंपरेतली, भावासाठी रागाची वेस ओलांडते. पिलूत किती रागांच्या छटा येऊन जातात, त्या मोजायला बसलं तर ऐकणं राहून जातं. तिथे ‘मिश्र’ हा शब्द लावून शास्त्र बाजूला होतं. आपांचे कान या गाण्यावर तयार झाले आहेत. त्या नाव विचारत नाहीत, गाणारा कुठे उभा आहे ते पाहतात.

मारव्याच्या त्या रविवारनंतर मी हे सगळं आमच्या मंडळींना सांगितलं. आपा हसून म्हणाल्या, ‘भाईसाहब, नाव तर शिकायलाच हवं. नाहीतर तुम्हाला कसं कळणार की मी बरोबर ऐकलं?’ त्यांचं बरोबर होतं. नावाशिवाय दोघांचं ऐकणं एकमेकांपर्यंत पोचत नाही, आणि भातखंड्यांनी केलं ते याचसाठी.

हल्ली वहीत दोन रकाने आहेत. पहिल्यात नाव, दुसऱ्यात ‘कशावरून?’ पहिल्यात मी पुढे आहे. दुसऱ्यात आपांना अजून कोणी गाठलेलं नाही. त्या जुन्या पानावरचं शून्य मी खोडलेलं नाही, फक्त शेजारी रेघ ओढून दुसरा रकाना केला आणि त्यात पूर्ण गुण लिहिले.