विजेचें दार



हातबत्तीचा निकामी झालेला सेल आपणांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं फोडून पाहिला असेल. बाहेरून जस्ताची डबी, आंत काळें ओलसर चूर्ण आणि मधोमध कर्बाची कांडी, एवढाच त्याचा संसार. ती डबी आणि ती कांडी हे त्या सेलचे दोन इलेक्ट्रोड होत. वेल्डिंग करणाऱ्याच्या पकडींतील जळत जाणारा रॉड, हृदयाचा आलेख काढतांना डॉक्टर छातीला चिकटवितात त्या चकत्या, मधुमेही माणूस रक्ताचा थेंब ज्या पट्टीला लावतो तिच्यांतील बारीक रेषा, आणि घरामागील खड्ड्यांत मीठ व कोळसा घालून पुरलेली अर्थिंगची तांब्याची पाटी, हीं सर्व मंडळी एकाच कुळांतील आहेत. आपल्या शास्त्रीय परिभाषेंत ह्या कुळाला ‘विद्युदग्र’ असें नांव आहे. अग्र म्हणजे टोक. परंतु ज्या पुरुषानें मूळचा शब्द प्रचारांत आणला, त्याच्या मनांत टोकाची कल्पना नव्हती, दाराची होती. टोकाच्या जागीं दार म्हटल्यानें काय बदललें, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

ह्या कथेचा आरंभ इटलींत होतो. बोलोन्या येथील शारीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी ह्यानें १७९१ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पितळेच्या आंकड्याला अडकविलेले बेडकाचे पाय लोखंडाला लागले कीं आखडतात, असें त्याला आढळलें होतें. वीज प्राण्याच्या देहांतच आहे, असा अर्थ त्यानें लावला. पाव्हिया येथील अलेस्सांद्रो व्होल्टा ह्याला तो पटला नाहीं. दोन निराळे धातु आणि त्यांमध्यें ओलावा, एवढ्यानेंच वीज मिळते, बेडूक हवाच असें नाहीं, हें त्याचें म्हणणें. तें सिद्ध करण्यासाठीं त्यानें चांदीच्या व जस्ताच्या चकत्या आणि खाऱ्या पाण्यांत भिजविलेले तुकडे एकावर एक रचून आपली प्रसिद्ध चवड उभी केली, आणि १८०० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांस पत्र लिहून ती जगाला कळविली.

त्याच वर्षींच्या मे महिन्यांत लंडनमध्यें निकल्सन आणि कार्लाइल ह्या दोघांनीं अशा चवडीच्या दोन तारा पाण्यांत सोडल्या. एका तारेशीं हायड्रोजनचे बुडबुडे येऊं लागले. दुसरी तार मात्र नुसती गंजत चालली. तार पितळेची होती. तिच्या जागीं प्लॅटिनमची तार लावतांच तेथें प्राणवायूचे बुडबुडे दिसूं लागले. पाणी तेंच, वीज तीच. तार बदलली आणि फळ बदललें. ही साधी गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं या, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यांत बीजरूपानें आहे.

परंतु त्या काळच्या विद्वानांचें लक्ष तारेच्या पृष्ठभागाकडे गेलें नाहीं. चुंबकाला जसे ध्रुव, तसे ह्या तारांनाही ‘ध्रुव’च म्हणूं लागले. शब्द आला कीं त्याच्या पाठोपाठ कल्पनाही येते. चुंबकाचा ध्रुव लोखंडाला ओढतो; तेव्हां विजेचे ध्रुवही पाण्यांतील कणांना दुरून ओढतात आणि त्यांची फाडाफाड करतात, असें मत रूढ झालें. १८०७ सालीं विजेच्या बळावर पोटॅशियम आणि सोडियम हे धातु प्रथमच सुटे करून दाखविणारा सर हंफ्री डेव्ही हाही आकर्षणवादीच होता.

ह्या डेव्हीचा मदतनीस मायकेल फॅराडे. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी केलेल्या ह्या माणसानें १८३३ च्या सुमारास एक अत्यंत साधा प्रयोग केला. सोडियम सल्फेटच्या द्रावणांत भिजविलेला एक हळदीचा आणि एक लिटमसचा कागद त्यानें एकमेकांस लावून ठेवले. विजेच्या यंत्राला जोडलेलीं धातूचीं टोकें त्यानें कागदांजवळ आणलीं, पण लागूं दिलीं नाहींत. मध्यें हवेची फट ठेविली. तरीही हळदीचा कागद लाल झाला, म्हणजे तेथें अल्क प्रकट झालें. आणि लिटमसही लाल झाला, म्हणजे तेथें अम्ल आलें. हळदींत चुना मिसळला कीं ती लाल होते, हें आपल्या घरांतील बायकांना कोणी शिकवावयास नको. तोच हा न्याय. आतां विचार करा. धातूच्या टोकांनीं ह्या द्रव्यांना ओढलें असतें, तर मध्यें नुसती हवा असतां तीं कागदाच्या कडेशींच प्रकट कां व्हावीं? फॅराडेनें निष्कर्ष काढला कीं, ध्रुव कांहींच ओढीत नाहींत. ते केवळ प्रवाहाचे आंत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दरवाजे आहेत.

मग ‘ध्रुव’ हा शब्द टाकणें प्राप्तच झालें. १८३४ सालीं एका वैद्य मित्राच्या साह्यानें त्यानें ‘इलेक्ट्रोड’ हा शब्द पुढें केला. ग्रीक भाषेंत ‘होदोस’ म्हणजे मार्ग. इलेक्ट्रोड म्हणजे विजेचा मार्ग. दोन दारांना निरनिराळीं नांवें हवीं होतीं, त्यासाठीं त्यानें केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील विल्यम ह्यूएल ह्यांस लिहिलें. ह्यूएलनीं ‘ॲनोड’ म्हणजे चढती वाट आणि ‘कॅथोड’ म्हणजे उतरती वाट, हे शब्द सुचविले. ह्यामागील कल्पना रम्य आहे. पृथ्वीचें चुंबकत्व तिच्याभोंवतीं वाहणाऱ्या प्रवाहांमुळें आहे असें मानलें, तर ते प्रवाह सूर्याप्रमाणें पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असले पाहिजेत. आपलें पात्र त्या दिशेनें मांडलें, तर प्रवाहाचें प्रवेशद्वार सूर्य चढतो त्या बाजूला येतें आणि निर्गमद्वार सूर्य उतरतो त्या बाजूला. द्रावणांतून चालत जाणाऱ्या कणांना ह्यूएलनीं ‘आयन’ म्हटलें, म्हणजे जाणारा. जुन्या शाळामास्तराला येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हा ग्रीक शब्द ज्या धातूवरून आला, तो आणि संस्कृतांतील ‘इ’ म्हणजे जाणें हा धातु सख्खे भाऊ आहेत. उत्तरायणांतील ‘अयन’ त्याच ‘इ’ पासून झालेलें आहे.

ह्या नांवांचा मोठा गुण हा कीं, त्यांनीं कोणत्याही मताशीं लग्न लावलें नाहीं. १८९७ सालीं जे. जे. टॉमसन ह्यांनीं इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि तारेंतील खरा प्रवासी मानलेल्या दिशेच्या उलट जातो असें कळलें, तरी दाराचें नांव दारच राहिलें.

आतां ह्या दारांत घडतें काय? धातूच्या तारेंतून इलेक्ट्रॉन वाहतात. खाऱ्या पाण्यांतून ते मोकळे वाहूं शकत नाहींत, तेथें आयन चालतात. पूर्वीं मुंबईहून औरंगाबादेस जाणाऱ्याला मनमाडला मोठ्या रुळांची गाडी सोडून मीटर-गेजच्या गाडींत बसावें लागे. प्रवास एकच, पण वाहन बदललें. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग हें विजेचें मनमाड आहे. ही अदलाबदल रासायनिक क्रियेवांचून सहसा होत नाहीं. जेथें द्रव्य आपले इलेक्ट्रॉन धातूच्या हवालीं करतें तो ॲनोड, जेथें तें धातूकडून घेतें तो कॅथोड. म्हणून सेलमधील जस्त ऋण असूनही ॲनोडच ठरतें. ‘धनाग्र’ व ‘ऋणाग्र’ हे शब्द पाठ करणारीं मुलें येथें हटकून अडतात, तीं ह्याचसाठीं. सेल दिवा पेटवितो तो जस्त झिजवून. दार स्वतः खर्ची पडतें.

कारखानदारीच्या इतिहासांत ह्या झिजण्याचीं दोन रूपें दिसतात. कोठें झिजणें हेंच काम असतें. रशियांतील बेनार्दोस ह्यानें १८८० नंतरच्या वर्षांत कर्बाच्या कांडीनें ठिणगी पाडून लोखंड सांधलें, तर त्याच्याच देशांतील स्लाव्यानोव्ह ह्यानें १८८८ सालीं कर्बाऐवजीं धातूचीच कांडी वापरली. ती वितळते आणि सांध्यांत जाऊन बसते. दुसरें उदाहरण ॲल्युमिनियमचें. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू, ह्या दोघांनीं एकमेकांस नकळत त्याची कृति शोधिली. सुमारें ९६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या रसांत कर्बाचा ॲनोड बुडवितात; प्राणवायु त्याच्याशीं संयोग पावून निघून जातो आणि धातु तळाशीं सांचतो. एक टन ॲल्युमिनियममागें आजही सुमारें ४०० किलो कर्ब जळून जातो. आपल्या स्वयंपाकघरांतील हलकीं भांडीं ह्या जळालेल्या दारांची देणगी आहे. उलट, मिठाच्या पाण्यांतून क्लोरीन काढणाऱ्या कारखान्यांत झिजणें हें संकट होतें. तेथील ग्रॅफाइटचे ॲनोड खात जात आणि पुनःपुन्हां बदलावे लागत. १९६५ च्या सुमारास हेन्री बीअर ह्यानें टायटॅनियमवर रुथेनियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप दिला आणि हें दुखणें बरें झालें. सारें यश त्या पृष्ठभागाच्या लेपांत होतें, हें विसरतां कामा नये.

परंतु दाराची खरी कसोटी मनुष्यदेहाशीं गांठ पडली तेव्हां लागली. देहांत वीज वाहते ती आयनांच्या रूपानें, कारण आपण आंतून खारेंच पाणी आहों. आणि यंत्रांत वाहतात ते इलेक्ट्रॉन. मध्यें कोरडी कातडी. हॉलंडमधील लायडेन येथें विलेम आइन्टोव्हेन ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हृदयाचा स्वच्छ आलेख काढला, तेव्हां त्यांचें यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें होतें. आणि इलेक्ट्रोड म्हणजे मिठाच्या पाण्याचीं भांडीं! रोगी दोन्ही हात आणि एक पाय त्यांत बुडवून बसे. त्यांना १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज छातीवर लावतात ती चांदी व सिल्व्हर क्लोराइडची चकती, तिच्याखालचा खारा लगदा म्हणजे त्याच भांड्याचा थेंबभर अवशेष होय.

रक्ताचेंही तसेंच. अमेरिकेंतील लेलंड क्लार्क ह्यांस हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्तांतील प्राणवायु मोजावयाचा होता. पण उघड्या प्लॅटिनमवर रक्तांतील प्रथिनें बसत आणि मोजमाप बिघडे. त्यांनीं दोन्ही इलेक्ट्रोड एका पातळ पापुद्र्यामागें ठेविले. प्राणवायु पापुद्र्यांतून आंत जाई, प्रथिनें बाहेर राहत. दाराला पडदा लावला, म्हणा ना. १९५६ सालीं हें साधन प्रसिद्ध झालें. १९६२ सालीं त्यांनीं व लायन्स ह्यांनीं त्या पडद्यांत साखर ओळखणारें एन्झाइम बसविण्याची युक्ति मांडली. आज असंख्य घरांत सकाळीं बोटाला टोचून साखर पाहतात, त्या पट्टीची आजी ही.

आणि शेवटीं हृदय. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें डॉ. सेनिंग ह्यांनीं आर्ने लार्सन ह्या रोग्याच्या देहांत अभियंता एल्मक्विस्ट ह्यांनीं बनविलेला पेसमेकर बसविला. तो कांहीं तासांतच बंद पडला. दुसरा बसवावा लागला. पुढें दोन दशकांहून अधिक काळ ह्या विद्येची लढाई विजेपेक्षां दाराशींच चालली होती. हृदय दर मिनिटाला सत्तर वेळां हलतें, त्यानें तारा तुटत. आणि जेथें धातु हृदयाला टेके तेथें व्रणाचा जाड पापुद्रा धरून तो विजेची वाट अडवी. टोंकाशीं औषध झिरपविणारे इलेक्ट्रोड १९८० नंतर आले, तेव्हां ही अडचण पुष्कळ कमी झाली. लार्सन मात्र वीसहून अधिक पेसमेकर बदलीत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट हे दोघेही त्यांच्याआधीं गेले होते.

सारांश, निकल्सन-कार्लाइलच्या पितळी तारेपासून लार्सन ह्यांच्या हृदयापर्यंत गोष्ट एकच आहे. वीज उत्पन्न करणें मनुष्याला लवकर साधलें. ती एका जगांतून दुसऱ्या जगांत सुखरूप पोंचविणें हें दोनशें वर्षांचें काम ठरलें, आणि तें तसूभर पृष्ठभागावर झालें. ‘ध्रुव’ म्हणणाऱ्यांची दृष्टि दूरच्या आकर्षणावर खिळली होती. ‘दार’ म्हणणाऱ्यानें ती उंबरठ्यावर आणली. ‘विद्युदग्र’ हा आपला रुळलेला शब्द टाकावा, असें मी म्हणत नाहीं. शिकविणाऱ्यानें तो उच्चारतांना त्यामागील दार मुलांना एकदां उघडून दाखवावें, एवढीच विनंति आहे.