३५ आलं कुठून?

गेल्या महिन्यात बायकोबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. तिचं वय ३६, पहिलंच बाळंतपण. बाईंनी फाईलवर लिहिलं, 'एल्डर्ली प्रायमी'. रिक्षात बसेपर्यंत बायको गप्प. मग म्हणाली, "अरे, मी एल्डर्ली? आईंना ही फाईल दाखवू नकोस हं!"

पस्तिशीनंतर जास्त तपासण्या करतात हे ऐकून होतो. पण ३५ च का? ३३ का नाही, ३८ का नाही? कोडमध्ये कुणी कॉमेंट न लिहिता आकडा हार्डकोड करून ठेवला की मला चैन पडत नाही. तर अख्खा शनिवार-रविवार त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते १९३३ मध्ये, इंग्लंडात. डाउन सिंड्रोम असलेली मुलं वय झालेल्या आईबापांना जास्त होतात, हे लोकांना दिसत होतं. पण नवऱ्याचं नि बायकोचं वय जोडीनंच वाढतं, मग फरक नक्की कुणाच्या वयानं पडतो? लायोनेल पेनरोज यांनी कितीतरी कुटुंबांची माहिती जमवून, कॉम्प्युटर नसताना, दोन्ही परिणाम वेगळे काढले. उत्तर आलं, आईच्या. या मुलांच्या पेशींत २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं, हे कळायला मात्र १९५९ उजाडलं. (त्या शोधाचं श्रेय जेरोम लझन यांचं की मार्थ गोतिए यांचं, यावर पुढे बराच वाद झाला. तो वेगळा लेख होईल.)

१९६६ मध्ये गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं मोजता येऊ लागली आणि १९६८ मध्ये डाउन सिंड्रोमचं निदान जन्माआधी झालं. पण गर्भजल काढायचं म्हणजे पोटात सुई घालायची, आणि त्यानं कधीकधी गर्भपात होतो. त्या काळचा अंदाज होता साधारण २०० त १. आता गंमत बघा. ३५ व्या वर्षी मूल गुणसूत्रांचा काही दोष घेऊन जन्मण्याची शक्यताही साधारण २०० त १ च (नुसत्या डाउनची सुमारे ३५० त १). दोन रेषा इथे एकमेकींना छेदतात, म्हणून ३५! शिवाय प्रयोगशाळा मोजक्या, पेशी वाढवायला दोन-तीन आठवडे. सगळ्यांची तपासणी शक्यच नव्हती. कुठेतरी रेघ मारायची होती, ती मारली.

म्हणजे पस्तिसाव्या वाढदिवसाला बाईच्या शरीरात खटकन काही बदलत नाही. २५ ला डाउनची शक्यता सुमारे १२५० त १, ४० ला १०० त १, आणि मधली चढण सलग आहे. आणि मला खटकलं ते वेगळंच. दोन रेषा छेदल्या म्हणून सुई घ्या असं म्हणताना, गर्भ गमावणं आणि डाउन असलेलं मूल होणं या दोन्हींचं वजन सारखं धरलंय. ते कुणी ठरवलं? दहा वर्षं वाट पाहिलेल्या बाईला हा तराजू कसा चालेल?

दुसरी गोची अशी, की बहुतेक मुलं तरुण आयांना होतात, त्यामुळे डाउनची बहुतेक बाळंही त्यांनाच व्हायची. ती या रेघेच्या अलीकडेच राहायची. वाट निघाली ती एका आईच्या प्रश्नातून. तिच्या बाळात १८ वं गुणसूत्र जास्तीचं निघालं होतं, आणि गरोदरपणी रक्तातलं एएफपी हे प्रथिन फार कमी आलं होतं. याचा त्याच्याशी संबंध आहे का, असं तिनं विचारलं. अमेरिकेत मर्कात्झ आणि सहकाऱ्यांनी जुने रिपोर्ट काढून पाहिले. संबंध होता! १९८४ मध्ये तो पेपर आला. मग १९९२ मध्ये लंडनच्या निकोलाइडिस यांनी सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायला सुरुवात केली. आजची एन.टी. आणि डबल मार्कर ही जोडी ११ ते १४ आठवड्यांत डाउनची शंभरातली नव्वदेक बाळं हेरते, पण निरोगी बाळांच्या शंभरातल्या पाच आयांना उगाच घाबरवते. सुईचा धोकाही आता पूर्वीपेक्षा कमी मानतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, तपासणीची सोय सगळ्या वयांना द्या. दोन्ही रेषा हलल्या, आकडा राहिला.

आपल्याकडे तर तो कायद्यातच बसला. गर्भजल परीक्षा इथे गाजली ती मुली शोधून पाडण्यासाठी. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. गर्भाची तपासणी कुणाची करता येईल, या केंद्राच्या कायद्यातल्या यादीत पहिलंच कलम: वय ३५ च्या वर.

एन.टी.च्या दिवशी बायकोनं 'फॉर्म एफ' वर सही केली, लिंग जाणून घ्यायचं नाही म्हणून. रिपोर्टला चार दिवस लागले. ते चार दिवस घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही, टीव्ही मात्र मोठ्यानं चालू होता. आकडा आला ११०० त १. "म्हणजे पास का?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "पास-नापास नसतं गं. ही शक्यता आहे, उत्तर नाही. उत्तरच हवं असेल तर सुई." बायकोनं रात्रभर विचार केला आणि सुई नको म्हणाली.

फाईलवरचं 'एल्डर्ली प्रायमी' तसंच आहे. आईंनी अजून पाहिलेलं नाही.