उतरलेली शिडे

गेल्या वर्षी आंग्र्यांच्या आरमारावरील व्याख्यान संपवून मी वर्गाबाहेर पडणार, तोच दौंड तालुक्यातील एका भीमाकाठच्या खेड्यातून शिरूरास शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, शिडाचे कापड लाकडाला बांधीत तरी कसे? आणि पावसाळ्यात ते ठेवीत कोठे?" कान्होजींची कारकीर्द, किल्ल्यांची नावे, तहांची कलमे हे सर्व माझ्या जिभेवर होते, परंतु या दोन साध्या प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या तासाला सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली. मात्र तीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या माणसास आपण आरमाराची गोष्ट सांगतो ती गलबताच्या बाहेर उभे राहून, हे त्या दिवशी प्रथम उमगले.

आमच्या भागातील मुलाने असा प्रश्न विचारावा, यात नवल नाही. घोडनदी आणि भीमा या आमच्या नद्या. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात पात्रातील वाळू उघडी पडते. नाव म्हणजे तरीवरची नाव. ती बांबूने रेटावयाची, नाही तर वल्ह्याने ओढावयाची. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाल्यापासून दौंड तालुक्याच्या पूर्व टोकास पाणी पसरते खरे. पण त्या पाण्यावरील होड्याही वल्ह्याच्या अथवा यंत्राच्या. वाऱ्याशी आमच्या शेतकऱ्याची ओळख ती खळ्यावरची. उफणणीच्या वेळी पाटी डोक्यावर धरून तो वाऱ्याची वाट पाहतो. त्याच वाऱ्याला कापडात धरून शेकडो खंडी माल ओढावयास लावणे ही घाटाखालची विद्या होय, आणि आम्ही घाटावरील लोक तिच्याविषयी नेहमीच थोडे अज्ञानी राहिलो आहो. हे अज्ञान केवळ वर्गातल्या प्रश्नोत्तरापुरते राहिले असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोकणात गेलो आणि ज्यांच्या तरुणपणी शिडाची गलबते चालत होती अशा एका वृद्ध तांडेलापाशी दोन संध्याकाळी बसलो. त्यांनी एक काठी उचलली, खांद्यावरचा पंचा काढला आणि म्हणाले, "मास्तर, आता हे बघा." त्या काठीपंचाने मला जे समजले, ते कोणत्याही ग्रंथातून इतके स्वच्छ समजले नव्हते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील गलबताचे शीड डोलकाठीला बांधलेले नसते, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची. डोलकाठी उभी असते, किंचित नाळेकडे कललेली. शीड असते ते परबाणीला. परबाण म्हणजे डोलकाठीवर तिरका चढविलेला लांबलचक वासा. मोठ्या गलबतात एकच लाकूड एवढ्या लांबीचे मिळत नाही म्हणून दोन-तीन लाकडे एकावर एक चढवून दोरांनी आवळलेली. शिडाचे कापड उभ्या पट्ट्या शिवून केलेले. त्याच्या चारी कडांत दोर घालून शिवलेला, कारण वाऱ्याचा ताण कापडाने नव्हे, कडेच्या दोराने सोसावयाचा. वरची कड ओळीने बारीक दोऱ्यांनी परबाणीला बांधीत. प्रत्येक बांध स्वतंत्र असे. एक तुटला तरी शेजारचे धरून राहत. मग परबाण मधोमध जाड दोराला अडकवून तो दोर डोलकाठीच्या शेंड्यातील कप्पीवरून खाली घेत आणि सगळे खलाशी मिळून गाण्याच्या ठेक्यावर तो ओढीत. शिडाचा पुढचा खालचा कोपरा नाळेशी जखडलेला. मागच्या कोपऱ्याला जो दोर, त्याचे नाव दामण. वारा अंगावर किती घ्यावयाचा हे त्या दामणीच्या ताणावर ठरे.

गुंडाळण्याची रीत तर फारच चतुराईची. परबाण खाली घेऊन शीड तिच्यावर आवळून वळत आणि जागोजागी कच्च्या सुंभाने बांधीत. अशी बांधलेली परबाण पुन्हा वर चढविली की गलबत निघावयास सिद्ध. तांडेलाने हुकूम करताच दामण जोराने ओढावयाची. कच्चे सुंभ एकामागून एक तटातट तुटत आणि क्षणात शीड फुलून येई. घाईच्या वेळी गाठी सोडीत बसण्याची गरजच नाही. तुटण्यासाठीच बांधलेली गाठ ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती तांडेलाकडून पुन्हा एकदा पंचावर करून घेतली.

युरोपातील मोठ्या जहाजांची तऱ्हा निराळी होती. तेथे चौकोनी शिडे आडव्या वाशांना बांधलेली असत. वादळ आले की खलाशी दोरांच्या शिड्यांवरून वर चढून शीड वरच्यावर आखडून बांधीत. आपल्याकडे वर चढून शीड लहान करण्याची सोय नव्हती. वारा वाढला की परबाण खाली घेऊन मोठे शीड सोडावयाचे आणि त्याजागी लहान शीड बांधावयाचे. म्हणून गलबतावर लहानमोठी अशी एकाहून अधिक शिडे बाळगावी लागत, आणि बदलीचे शीड कोरडे, नीट घडी घातलेले व हाताशी असावे लागे. ओल्या शिडाची घडी घातली तर सुती कापडावर काही दिवसांत बुरशी धरते. काळे ठिपके पडलेले कापड पहिल्याच जोराच्या झुळकीला फाटते. उंदीर हा दुसरा वैरी. तेव्हा, उन्हात पसरणे, मीठ व ओल झटकणे, उसवलेली शिवण त्याच दिवशी पुरी करणे ही कामे खलाश्याच्या नित्यकर्मात मोडत. समुद्रावर शीड फाटणे म्हणजे तोफ फुटण्याहून मोठे संकट. तोफ फुटली तरी पळता येते.

आता त्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न. मृगाच्या आधी नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळून टाकतो आणि किनाऱ्यावरील जलवाहतूक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबते. मे महिन्याच्या अखेरीस गलबते भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत आत घेऊन काठावर ओढीत. वर झापांचे छप्पर घालीत. तळाला चुना व चरबी, वरच्या लाकडाला माशाचे तेल. शिडे सोडून, वाळवून, घडी करून कोरड्या घरात जमिनीपासून उंच ठेवीत; काथ्याचे दोर वेटोळी करून टांगीत. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहावयाचा, तो ही सगळी सामग्री पुन्हा बाहेर काढून, तपासून, जोडून झाल्यावर. त्या सणाचा जो आनंद आपणांस दिसतो त्यामागे अडीच-तीन महिन्यांची मूक राखण असे.

राज्यकर्त्यांस हे ठाऊक नव्हते असे नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्र, जे रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून मानले जाते, त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा मध्यम आकाराच्या व चालीला चांगल्या असाव्यात. वारा प्रतिकूल असता हट्टाने झुंजू नये, किल्ल्याच्या आश्रयास यावे. पावसाळ्याची छावणी सुरक्षित बंदरी, तीही वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी न करता बदलून करावी. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसास हात लावू नये, अशा सूचना त्यात आहेत. लढाईइतकाच छावणीचा विचार करणारे हे लेखन आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरंभिलेल्या उद्योगातून दोन पिढ्यांत किती शहाणपण जमले होते, हे त्यावरून दिसते.

या शहाणपणाचा युद्धातील उपयोग आंग्र्यांनी कसा केला, त्याचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. गुराबा दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांच्या. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची सुमारे १५० टनांची. त्या उथळ पाण्यात चालत आणि नाळेकडून पुढे मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी तोफा त्यांवर असत. गलबते त्यांहून लहान, ७० टनांच्या आतली. त्यांचे मुख्य शीड एकच, पण प्रचंड व तिकोनी, आणि उभारले असता त्याचे टोक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई. वारा असला तर गुराबा वाऱ्यासारख्या धावत. वारा पडला तर ४०-५० वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते मिळून मोठ्या जहाजाच्या पाठीशी येत, आणि पहिला मारा करीत तो माणसांवर अथवा जहाजाच्या अंगावर नव्हे, तर त्याच्या डोलकाठ्यांवर. काठी पडली, शीड कोसळले की ते जहाज कितीही तोफांचे असो, पाण्यावर तरंगणारे एक घर होऊन बसे. मग चहूंकडून घेरून त्यास शरण आणणे सोपे. १७३५ च्या डिसेंबरात इंग्रज कंपनीचे खजिन्याने भरलेले डर्बी जहाज आंग्र्यांच्या हाती लागले, ते याच परंपरेतील आरमाराच्या. जहाजाचा प्राण शिडादोरांत असतो हे जो स्वतः रोज शिडे वाळवितो त्यालाच पुरते समजते.

१७२९ मध्ये कान्होजी वारले, त्यानंतर घरात फूट पडली. विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडील तुळाजी पेशव्यांची सत्ता जुमानीत नव्हता आणि पेशव्यांच्या माणसांसही त्याचा उपद्रव होता, हे खरे. त्याचा बंदोबस्त करणे पुण्याच्या सरकारास भाग होते. पण त्यासाठी नानासाहेबांनी १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार क्लाइव्हच्या पायदळासह विजयदुर्गासमोर उभे राहिले. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत बोलणे करावयास गेला होता. खाडीत त्याच्या गुराबा एकमेकींस बांधलेल्या होत्या. १२ फेब्रुवारीस एक पेटता गोळा त्यांतील रेस्टोरेशन या, पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेल्या, जहाजावर पडला. सुती कापड, काथ्याचे दोर, तेल प्यालेले लाकूड: आग एका डोलकाठीवरून दुसरीवर गेली आणि तासाभरात ते आरमार जळून गेले.

जे आरमार शत्रूच्या डोलकाठ्या पाडून पन्नास वर्षे पश्चिम समुद्रावर दरारा ठेवून होते, ते एकही शीड न उभारता संपले. बांधून ठेवलेले गलबत म्हणजे सरपण, एवढाच त्याचा अर्थ. किल्ला जागी उभा राहून लढतो. आरमार जागी उभे राहिले की मेले. पुण्यास ज्यांनी करार केला त्यांनी तुळाजीचे किल्ले मोजले, तोफा मोजल्या, बंडाचे पारिपत्य केले; शिडे राखणारे हात आपण जाळीत आहो हा हिशेब त्यांच्या वहीत नव्हता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातील तहाने विजयदुर्ग परत मिळाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार सांभाळले आणि १७८३ च्या एप्रिलात रेंजर हे इंग्रजी जहाज धरले, हे विसरणे अन्यायाचे होईल. तथापि किनाऱ्यावर इंग्रजांस अडविणारी ती जुनी शक्ती पुन्हा उभी राहिली नाही.

आता आमच्या शिरूरकडे परत येऊ. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्या अन्वये पेशव्यांच्या गळ्यात बांधलेल्या तैनाती फौजेचा तळ पुढे घोडनदीकाठी शिरूर येथे पडला. तिचा सेनापती कर्नल वॉलेस १८०९ मध्ये येथेच मरण पावला. बरोबर पंधरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी याच तळावरून कोरेगावच्या वाटेला लागली. विजयदुर्गाची आग हेच पेशवाई बुडण्याचे एकमेव कारण, असे मी म्हणत नाही. इतिहासात असा सरळ दोरा क्वचितच सापडतो. पण ज्यांस समुद्रावर अडविता आले असते त्यांस अखेर घोडनदीच्या पात्राशी तोंड द्यावे लागले, एवढे तर नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. समुद्र आमच्यापासून दूर आहे ही समजूतच मुळात महाग पडली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर डोलकाठी आणि परबाण काढली, रुमाल काठीला बांधून दाखविला, आणि शिडे कशी वाळवून, उंचावर ठेवीत तेही सांगितले. वर्ग हसला, तो विद्यार्थी मात्र हसला नाही. म्हणाला, "सर, आमचे आजोबा सांगतात, मोट बंद झाली की तिचा नाडा वाळवून, तेल लावून आढ्याला टांगायचा. ओला ठेवला तर पुढच्या वर्षी भरल्या मोटेसकट विहिरीत जातो म्हणून." मी त्यास बसावयास सांगितले आणि पुढचे व्याख्यान सुरू केले. परीक्षेच्या पुस्तकात आरमाराच्या धड्याशेजारी मी आता त्याचे ते वाक्य लिहून ठेवले आहे.