टर्बो बसवला, रिमॅपही केला... पण इंजिनला तेवढं पेट्रोल पोहोचतंय का?

पनवेल सोडून कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागलं की खोपोलीपर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे. मग घाट लागतो आणि लोणावळ्यापर्यंत गाडीला पाचशे मीटरहून जास्त उंची चढायची असते. कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीला याचं काही वाटत नाही. टर्बो बसवून ताकद दुप्पट केलेल्या गाडीचं मात्र तसं नसतं.

याच घाटाच्या वर, लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग रेस भरत आली आहे. तिथला सगळा खेळ पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा. दहा-पंधरा सेकंदांत निकाल लागतो. डायनोवर गाडीची ताकद मोजतात तेव्हाही पूर्ण ॲक्सिलरेटर काही सेकंदच दाबलेला असतो. घाटात मात्र इंजिनवर मिनिटामागून मिनिट लोड राहतो. डायनोच्या कागदावर झकास दिसणारी गाडी चढावर झटके खायला लागते, तेव्हा बहुतेकांचा पहिला संशय टर्बोवर किंवा रिमॅपवर जातो. दोष बऱ्याचदा मागे असतो, टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या वाटेत.

आधी हवा, मग पेट्रोल

टर्बोचं काम एकच, इंजिनमध्ये जास्त हवा कोंबणं. पण नुसती हवा जळत नाही. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना ट्यूनर मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, ११.५ ते १२ किलो हवेला एक किलो. या जादा पेट्रोलमुळे सिलिंडरमधलं तापमान आटोक्यात राहतं.

हवा वाढली आणि पेट्रोल तेवढं वाढलं नाही, तर मिश्रण 'लीन' होतं. हलक्या लोडवर त्याने फार बिघडत नाही. पूर्ण बूस्टवर मात्र नॉकिंग सुरू होतं, पिस्टनची कड वितळते, कधी पिस्टनला थेट भोक पडतं. त्रासदायक गोष्ट अशी की लीन होण्याच्या सुरुवातीला गाडी उलट तरतरीत वाटू शकते. म्हणून वाईडबँड सेन्सर न लावता केलेलं ट्यूनिंग हा निव्वळ जुगार आहे.

पार्ट निवडायचा कसा? हिशोब उलटा करायचा

दुकानात जाऊन 'मोठे इंजेक्टर द्या' म्हणून चालत नाही. सुरुवात हव्या असलेल्या ताकदीपासून करायची. उदाहरण म्हणून जुनी होंडा सिटी व्हीटेक घेऊ. मॉडिफिकेशनवाल्यांची ही लाडकी गाडी. कंपनीतून साधारण १०६ बीएचपी. समजा टर्बो बसवून २५० काढायचे आहेत.

टर्बो पेट्रोल इंजिनला एका बीएचपीसाठी तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं असं धरतात. म्हणजे २५० बीएचपीला तासाला ६७.५ किलो, जवळपास ९० लिटर. (तासभर पूर्ण ॲक्सिलरेटर कोणी दाबून ठेवत नाही, म्हणून टाकी अर्ध्या तासात रिकामी होत नाही.) मिनिटाला हे झालं सुमारे १,५०० सीसी. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ३७५ सीसी. पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्के ही सुरक्षित मर्यादा मानतात. त्यामुळे प्रत्यक्षात ४७० ते ४८० सीसीचा इंजेक्टर हवा.

८० टक्के का? ६,००० आरपीएमला इंजिनचं एक चक्र, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या, २० मिलिसेकंदांत संपतं. ८० टक्के म्हणजे १६ मिलिसेकंद उघडा. उरलेल्या चार मिलिसेकंदांत त्याला बंद होऊन पुन्हा उघडायची तयारी करायची असते. त्याहून ताणलं तर तो नीट बंदच होत नाही आणि पेट्रोल किती जातंय यावर ईसीयूचा ताबा राहत नाही.

मग सरळ १,००० सीसीचे का लावू नयेत? कारण आयडलिंगला पेट्रोल चमचाभर लागतं. मोठा इंजेक्टर इतक्या कमी वेळासाठी उघडताना अचूक राहत नाही. गाडी सिग्नलला थरथरते, पेट्रोलचा वास मारते आणि पीयूसीला नापास होते.

इंजेक्टर तेच ठेवून प्रेशर वाढवायचा मार्गही आहे, पण त्याचा फायदा वर्गमुळाच्या हिशोबाने मिळतो. प्रेशर ३ बारवरून ४ बार केलं, म्हणजे ३३ टक्क्यांनी वाढवलं, तरी पेट्रोल फक्त १५ टक्के जास्त जातं. वर पंपावरचा ताण वाढतो तो वेगळाच.

पंपाचा आकडा फसवा असतो

पंपाच्या खोक्यावर 'तासाला २५५ लिटर' लिहिलेलं असतं. आपल्याला लागतात ९०, मग चिंता कसली? हा आकडा एका ठरावीक प्रेशरचा आणि ठरावीक व्होल्टेजचा असतो. टर्बो गाडीत बूस्ट वाढला की रेग्युलेटर रेलमधलं प्रेशरही तेवढंच वाढवतो. ३ बारच्या रेलवर १ बार बूस्ट आला की पंपाला ४ बारच्या विरुद्ध ढकलावं लागतं, आणि प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो घटतो. त्यात वीस वर्षांची जुनी बारीक वायर असेल तर पंपापर्यंत १३.५ ऐवजी ११-१२ व्होल्टच पोहोचतात. म्हणून जाणकार मेकॅनिक नव्या पंपाला बॅटरीवरून रिलेमार्फत जाड वायर वेगळी ओढतो. यात दाखवण्यासारखं काही नाही, त्यामुळे याचे रील्स बनत नाहीत.

घाटात आणखी एक गोष्ट होते. टाकी अर्ध्याखाली असताना चढावर आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं. क्षणभर पंप हवा ओढतो. साध्या गाडीत टाकीतल्या छोट्या वाटीसारख्या भागात पेट्रोल साठून राहतं, त्यामुळे भागतं. जास्त ताकदीच्या गाडीत ती वाटी क्षणात रिकामी होते. यावर उपाय म्हणजे सर्ज टँक: दीड-दोन लिटरची वेगळी बंद टाकी. एक पंप मुख्य टाकीतून ती सतत काठोकाठ भरत ठेवतो, दुसरा पंप तिच्यातून रेलला पेट्रोल देतो आणि जास्तीचं पेट्रोल वरच्या पाईपने मागे जातं. ती डिकीत बसवायची असेल तर माणसं बसतात त्या भागापासून धातूच्या पत्र्याने वेगळी करावी लागते. नुसतं कार्पेट टाकून झाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

रेल बनवायची झाली तर

चारही इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारी नळी म्हणजे फ्युएल रेल. नव्या इंजेक्टरची उंची किंवा जाडी वेगळी असली की मूळ रेल बसत नाही आणि कस्टम बनवावी लागते. तळोजा एमआयडीसी असो की पुण्याचं भोसरी, सीएनसीचं जॉबवर्क करणाऱ्या शॉपला हे काम दिसायला सोपं आहे. ॲल्युमिनियमचा ठोकळा, मधून लांब बोर, खाली चार भोकं.

अडचण बारकाव्यात आहे. दोन इंजेक्टरांमधलं अंतर इंजिनवरून मोजून घ्यावं लागतं. त्यात थोडी जरी चूक झाली तरी इंजेक्टर तिरका बसतो आणि ओ-रिंग एका बाजूने दबते. ओ-रिंग बसते त्या भोकाची आतली बाजू गुळगुळीत हवी आणि तोंडाशी धार नको, नाहीतर बसवतानाच रबर कापलं जातं आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी कॅडमध्ये डिझाइन करून प्लॅस्टिकचा थ्रीडी प्रिंट काढतात, तो इंजिनवर ठेवून बघतात आणि मगच धातू कापतात. हा प्रिंट फक्त मापासाठी असतो, त्यात पेट्रोल भरायचं नाही.

हे सगळं पोर्ट इंजेक्शनबद्दल झालं, जिथं प्रेशर ३-४ बार असतं. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत ते २०० बारच्या घरात जातं. तिथं घरगुती कस्टम रेलचा विचारही करू नये. या पातळीच्या कामाला काय लागतं ते बॉशच्या नाशिकच्या कारखान्यावरून कळतं. तिथं डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. अशा नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास असतात आणि आतल्या सुईचं माप मायक्रॉनमध्ये सांभाळावं लागतं.

ई२० ने जुना हिशोब बदलला

शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १४.१ आणि ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० चार-साडेचार टक्के जास्त लागतं, ई१० च्या तुलनेत. हळू चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून हा फरक भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरला मात्र अनेक ईसीयू सेन्सरकडे न बघता साठवलेल्या आकड्यांवर चालतात. ई१० वर ट्यून केलेली आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्याही पुढे गेलेली गाडी आज ई२० वर नेमकी तिथंच लीन होते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे हे खरं, पण कमी पडलेलं पेट्रोल त्याने भरून निघत नाही. शिवाय जुन्या गाड्यांतल्या साध्या रबराला इथेनॉल मानवत नाही, ते फुगतं किंवा चिरतं. नव्या कामात ओ-रिंग व्हिटॉनच्या आणि होज आतून पीटीएफईचा घ्यावा.

आणि कायदा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंधनाच्या व्यवस्थेत कायदेशीर बदल होतच नाहीत असं नाही. सीएनजी किट हे त्याचं रोजचं उदाहरण. पण ते किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेलं असतं, सिलिंडरला नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'ची मान्यता लागते, आरसीवर नोंद होते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करावी लागते. हाताने बनवलेल्या रेलसाठी अशी कुठलीच वाट नाही. त्यामुळे अशी गाडी ट्रॅकवर ट्रेलरने न्यावी. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर आग लागल्यावर क्लेम अडकू शकतो, हेही लक्षात ठेवा.

बसवल्यावर काय बघायचं

रेल गाडीवर चढवण्याआधी बाहेरच पाण्याने किंवा तेलाने भरून, कामाच्या प्रेशरच्या दीडपट प्रेशरवर तपासावी. हवेने नको, कारण जोड सुटला तर तुकडे उडतात. गाडीवर बसवल्यावर इंजिन सुरू न करता फक्त पंप चालू करून प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवावा. गेज लावून पंप बंद करावा आणि प्रेशर टिकतंय का ते बघावं. मग इंजिन गरम करून, पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा तेच, कारण ॲल्युमिनियम आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि गरम असताना कोरडा असलेला जोड थंड झाल्यावर पाझरू शकतो. एक्झॉस्ट आणि टर्बोच्या जवळून होज जात असेल तर त्याची वाट बदलावी. टर्बोचं आवरण ७०० अंशांच्या वर जातं आणि पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय पेटायला ३०० अंशसुद्धा लागत नाहीत.