वाकणाऱ्या जहाजांचं कूळ

१८९३ सालचं शिकागोचं जागतिक प्रदर्शन आपल्याला स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक असतं. त्याच उन्हाळ्यात, त्याच प्रदर्शनासाठी, नॉर्वेहून एक लाकडी नाव शिडाच्या बळावर अटलांटिक ओलांडून आली होती. तिचं नाव ‘वायकिंग’ आणि कप्तान माग्नुस आंदर्सन. जुन्या जहाजाची प्रतिकृती बांधायची आणि ती काचेआड न ठेवता खुल्या समुद्रात घालायची, या प्रथेची कुळकथा मी इथून धरतो. स्पेनमध्ये बांधलेल्या कोलंबसाच्या तीन जहाजांच्या प्रतिकृतीही त्या प्रदर्शनात होत्या, पण मूळ जहाजांचे नकाशेच उरले नव्हते. बराचसा भाग अंदाजाचा. आंदर्सनसमोर मात्र अस्सल नमुना होता. १८८० मध्ये नॉर्वेतल्या गोकस्टाच्या टेकाडाखालून हजार वर्षांपूर्वीचं, सुमारे २३ मीटर लांबीचं ओकचं जहाज निघालं होतं. एका बड्या माणसाचं दफन त्यात केलेलं होतं.

त्या जहाजाच्या फळ्या एकीवर एक चढवून लोखंडी रिव्हेटांनी जोडलेल्या होत्या, पण पाण्याखालच्या फळ्या आतल्या फासळ्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, चक्क बांधलेल्या होत्या. असं का, ते पाहून कळत नव्हतं. ‘वायकिंग’ भर समुद्रात गेली तेव्हा कळलं. मोठ्या लाटांत तिचा तळ वरखाली होई, काठ सहा इंचांपर्यंत पिळवटे, आणि तरीही नाव पाणी धरत नसे. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्याबरोबर वाकायचं, अशी ती बांधणी होती. सुकाणूचीही तीच गत. मागे मधोमध बसवण्याऐवजी ते उजव्या कुशीला लटकवलेलं. बघणाऱ्याला ओबडधोबड वाटावं असं. आंदर्सनने मात्र त्याची तोंडभरून स्तुती केली, कारण कसल्याही हवेत ते एका माणसाला सहज पेलत होतं. बर्गन सोडल्यापासून चार आठवड्यांत न्यूफाउंडलंड दिसलं.

पुढे हे कूळ फोफावलं. १९५७ मध्ये ‘मेफ्लॉवर २’ इंग्लंडहून अमेरिकेला गेली. कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’ची प्रतिकृती आता सिडनीच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला असते आणि हौशी माणसांना खलाशी म्हणून घेऊन समुद्रात गेलेली आहे. उंच डोलकाठ्यांची ही जहाजं देखणी आहेत यात वाद नाही. पण माझा जीव रमतो तो डेन्मार्कच्या रोस्किल्डमध्ये.

तिथल्या खाडीत, स्कुल्डेलेव्हजवळ, अकराव्या शतकात शत्रूची वाट अडवण्यासाठी जुनी जहाजं बुडवली होती. १९६२ मध्ये भोवती बांध घालून, पाणी उपसून पाच जहाजांचे हजारो तुकडे वर काढले. रोस्किल्डच्या संग्रहालयाने त्या तुकड्यांवरून जहाजं पुन्हा बांधायला घेतली, तीही जुन्याच रीतीने. करवत वर्ज्य! ओकचा ओंडका पाचरी ठोकून, धाग्याच्या दिशेने उभा फाडायचा आणि कुऱ्हाडीने तासायचा. धागा कुठे तुटत नाही, म्हणून फळी पातळ असूनही चिवट राहते आणि न मोडता वाकते. यातलं ३० मीटरचं युद्धजहाज १०४२ च्या सुमारास डब्लिनकडच्या ओकमधून बांधलेलं, हे लाकडाच्या वर्षवलयांवरून निघालं. त्याची प्रतिकृती २००७ मध्ये साठेक माणसांनिशी डब्लिनला गेली. वारा पडल्यामुळे उत्तर समुद्रात काही पल्ला तिला ओढून न्यावं लागलं, हेही नोंदवून ठेवलेलं आहे. या प्रामाणिकपणाची मला फार किंमत वाटते. उन्हाळ्यात पाहुण्यांनाही तिथे अशा बांधणीच्या नावांत बसवतात, हाती वल्हं देतात आणि खाडीत गेल्यावर शीड उभारायला लावतात.

या कुळाची एक शाखा आपल्या दारात आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे: तीन डोलकाठ्या, नाळेवर डोळे, छताखाली रांजण आणि मागच्या बाजूला कुशीला लटकवलेली सुकाणूची वल्ही. अवशेष नाही, नकाशा नाही, फक्त हे पाचव्या शतकातलं चित्र. त्यावरून गोव्यात नौदलाचं ‘कौंडिण्य’ बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली, फळीला फळी भिडवून काथ्याच्या दोरीने शिवली आणि सांधे राळेने बुजवले. सांगाड्याला खिळा म्हणून नाही. आयआयटी मद्रासने पाण्यातल्या चाचण्या केल्या. शिवलेलं जहाजही वाकतं, गोकस्टासारखंच. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसताना दोन समुद्रांवरच्या सुतारांनी लाटेला दिलेलं हे उत्तर सारखं निघावं, याचं मला कायम नवल वाटतं.

२९ डिसेंबर २०२५ ला ‘कौंडिण्य’ने पोरबंदर सोडलं आणि जानेवारीच्या मध्याला मस्कत गाठलं. मस्कतला शिवलेलं जहाज नवं नाही. साहसी दर्यावर्दी टिम सेव्हरिनने १९८० मध्ये ज्या ‘सोहार’मधून ओमान ते चीन हा प्रवास आरंभला, तिला मलबारचं लाकूड आणि लक्षद्वीपच्या कारागिरांची शिवण होती. मस्कतमधल्या अल बुस्तानच्या चौकात ती अजून उभी आहे.