मिसिंग, गळती आणि फियाट

रत्नागिरीत जुलै महिन्यात जुनी फियाट पहिल्या किल्लीला सुरू झाली, तर घरातले सगळे एकमेकांकडे बघायचे. आमच्याकडे तरी असंच होतं.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. १९७४ पासून गाडीचं नाव पद्मिनी झालं, पण लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, एक डेल्को. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी मिळायला वर्षं लागायची, म्हणून हातातली जपावी लागे. त्यात आमच्याकडे १९९८ पर्यंत कोकण रेल्वे पूर्ण झालेली नव्हती. सुटा भाग मुंबईहून एसटीने यायचा. 'बदलून बघू' ही चैन परवडणारी नव्हती; आधी दुखणं नेमकं कळायला हवं. मिस्त्री लोकांचे कान तयार झाले ते यातूनच, असं मला वाटतं.

गाडी मिसिंग मारते म्हटलं की ते चालू इंजिनच्या एकेका प्लगची वायर काढून बघत. आवाज आणखी पडला तर तो सिलिंडर ठीक. फरकच पडला नाही तर आजारी तोच! मग त्याचा प्लग बाहेर. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओला, तेलकट काळा असेल तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. पॉइंटला खड्डे पडले असतील तर कंडेन्सरवर संशय. पावसाळ्यात मात्र आधी डेल्कोची कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसायची. ओल धरली की ठिणगी भलतीकडेच पळते. रात्री अंधारात बॉनेट उघडलं तर जुन्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना चक्क दिसत.

तेलाची गळती जास्त फसवी. ठिपका जिथे पडतो तिथून तेल गळत असतंच असं नाही. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे जातं. आमच्या गाडीखाली मागच्या बाजूला तेल साचायचं. एका गॅरेजने निदान केलं, मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बाबांनी खर्चाचा आकडा ऐकला आणि त्या रात्री कुणाशी बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमचे म्हातारे मिस्त्री आले. रॉकेलने इंजिन धुतलं, कोरडं केलं, आईच्या डब्यातली टाल्कम पावडर मागून घेतली आणि इंजिनला फासली! मग हातखंब्यापर्यंत फेरी. परत आल्यावर पांढऱ्यावर एकच ओला ओघळ, थेट टॅपेट कव्हरपासून. कॉर्कचं पॅकिंग कडक झालं होतं, आणि ब्रीदरची नळी तुंबल्यामुळे आतला दाब तेल बाहेर ढकलत होता. नळी साफ केली, पॅकिंग नवं घातलं. आईला नवा डबा आणून द्यावा लागला, तो खर्च वेगळा.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची फियाट टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. आमची त्याच्या पुष्कळ आधी विकली. तोवर तिचा गिअरबॉक्स एकदाही उतरवलेला नव्हता.