कपभर माश्यांचे घर

थर्मोकोलची एक पांढरी पेटी. आत तळहाताएवढ्या पाच चौकटी, एका बाजूला साखरेच्या घट्ट लगद्याचा कप्पा, समोर बंद करता येणारे बारीक दार. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली ही पेटी 'अपिडिया' या नावाने जगभरच्या मधपाळांना ठाऊक आहे. तिच्यात भरायच्या माश्या मोजत नाहीत, कपाने मापतात. कपभर माश्या, एक कुमारी राणी किंवा फुटायला आलेला राणीकोश, आणि तीनेक दिवस थंड, अंधाऱ्या जागी मुक्काम. मग संध्याकाळी पेटी उघड्यावर ठेवून दार उघडायचे. पुढच्या काही दिवसांत राणी आभाळात जाऊन नरांशी मीलन करून परत येते, अंडी घालू लागते आणि दुसऱ्या, मोठ्या वसाहतीत रवाना होते. पेटीत पुढची राणी येते.

पेटी इतकी लहान का, याचे उत्तर हिशेबात आहे. राणी वाढवायला दणकट वसाहत लागते, कारण अळीला रॉयल जेली भरवणाऱ्या तरुण कामकरी माश्या हजारोंनी हव्या असतात. अशी एकच वसाहत एका वेळी पुष्कळ राणीकोश पोसू शकते. पण राणी कोशातून बाहेर आली की गणित उलटते. दोन कुमारी राण्या एका घरात नांदत नाहीत. एक दुसरीला मारते. म्हणजे जितक्या राण्या तितकी घरे. प्रत्येकीला तीस-चाळीस हजार माश्यांची भरलेली पेटी द्यायची म्हटले तर मधपाळाचा मधच बुडतो. राणीला मात्र या दिवसांत फारसे काही लागत नाही. चार दाणे अन्न, ऊब देण्यापुरत्या सोबतिणी आणि परतायला ओळखीचे दार, एवढे पुरते. हे कळायला आणि मग हातात यायला दीडशे वर्षे लागली.

ही कथा मध्य युरोपातल्या एका पाद्र्यापासून सुरू करावी लागते. अ‍ॅडम गॉटलोब शिराख हा लाउझित्स प्रांतातल्या क्लाइनबाउत्सेन गावचा धर्मोपदेशक. पोळ्यातली मोठी माशी मादी आहे, तीच अंडी घालते, हे त्याच्या आधीच ठरत आले होते. ॲरिस्टॉटलपासून तिला राजा म्हणत आले, पण 17व्या शतकात डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम याने ती सूक्ष्मदर्शकाखाली चिरली आणि आतले अंडाशय दाखवले. तरी एक समज पक्का होता: राणी जन्मानेच राणी, तिचे अंडेच वेगळे. शिराखने 1760च्या दशकात लहान लाकडी खोकी घेतली. प्रत्येकात अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेला पोळ्याचा तुकडा ठेवला, थोड्या कामकरी माश्या सोडल्या, राणी मात्र ठेवली नाही. माश्यांनी काही अळ्यांभोवतीची साधी घरे पाडून मोठी, खाली लोंबणारी राणीघरे बांधली. कामकरी माशी व्हायच्या अळीची राणी झाली.

मला या प्रयोगात सगळ्यात मोलाचे वाटते ते खोके. शिराखला सिद्ध करायचे होते काहीतरी वेगळेच, पण त्या भरात हेही दिसले की मूठभर माश्या पोळ्याच्या एका तुकड्यावर आपला संसार उभा करू शकतात. त्याच्या भागातले शेतकरी या रीतीने वसाहती वाढवू लागले. आजची थर्मोकोलची पेटी त्या खोक्याची थेट वंशज आहे.

राणीचे मीलन कुठे होते, हा प्रश्न मात्र उरला. स्वामरडामला वाटे, नरांच्या नुसत्या वासाने राणी फळते. आल्प्सच्या दक्षिण उतारावर ब्रेझ्नित्सा गावात जन्मलेल्या अँटोन यान्शाला हे पटले नाही. हा स्लोव्हेन शेतकऱ्याचा मुलगा, मारिया थेरेसा राणीच्या काळात व्हिएन्नात मधमाशीपालनाचा सरकारी शिक्षक झाला. राणी पोळ्याबाहेर जाऊन मीलन करते, हे त्याने 1771 सालच्या पुस्तकात लिहिले. (20 मे हा जागतिक मधमाशी दिन त्याच्याच आठवणीने पाळतात.) यान्शाच्या मुलुखात पेट्या म्हणजे लांबट, चपटी खोकी, ती ओळीने एकावर एक रचत आणि प्रत्येकीच्या तोंडाच्या फळीवर वेगळे चित्र रंगवत. संतांची, शिकाऱ्यांची, अगदी टवाळीचीही चित्रे असत. माश्यांना आपले घर ओळखता यावे, असे त्यांचे एक कारण सांगतात. आजही राणीपैदास करणारे लोक शेजारशेजारच्या लहान पेट्यांना निळा, पिवळा, पांढरा असे रंग देतात आणि दारांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना करतात. फेरीवरून परतलेली राणी चुकून शेजारच्या दारात शिरली तर ती मेलीच.

जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबरने या गोष्टीचा पक्का पुरावा दिला. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. प्रश्न तो विचारी, बघण्याचे काम त्याचा नोकर फ्रांस्वा ब्युर्नां करी, आणि 1792 साली छापलेली त्यांची बहुतेक निरीक्षणे आजही टिकून आहेत. ब्युर्नां पोळ्याच्या दाराशी तासन् तास बसे. कुमारी राणी उडाली, परत आली, आणि तिच्या शेपटाशी नराच्या अवयवाचा पांढरा अंश होता. कोंडून ठेवलेल्या राण्या वांझ राहिल्या. ज्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ बाहेर जाऊ दिले नाही, त्या नंतर सुटल्या तरी फक्त नर पैदा करू लागल्या. लहान पेटी वापरणाऱ्यांचे वेळापत्रक इथून आले. राणी कोशातून बाहेर आल्यावर पाच-सहा दिवसांत उडायला तयार होते. पावसाने किंवा थंडीने तिला पुढचे दोन आठवडे अडवून धरले तर ती कामातून गेली.

यानंतर कथेचा धागा अमेरिकेत जातो, कारण तिथे राणीला बाजार मिळाला. 1851 मध्ये लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधपाळाने सुटी चौकट उचलता येईल अशी पेटी बसवली. 1860च्या सुमारास इटालियन माश्या अमेरिकेत पोचल्या. पिवळसर, शांत, मेहनती. सगळ्यांना त्याच हव्या झाल्या. हंगामात कामकरी माशी सहाएक आठवडे जगते. त्यामुळे जुनी राणी काढून इटालियन राणी दिली की दोन-तीन महिन्यांत सगळी वसाहत इटालियन होते. अख्खी पेटी विकत घ्यायची गरजच नाही, एक राणी पुरे. फ्रँक बेंटनने लाकडाच्या ठोकळ्यात तीन गोल खड्डे करून, एकात साखरेचा लगदा भरून, राणी आणि चार-दोन सोबतिणी टपालाने पाठवायची डबी रूढ केली. ती आजही त्याच्याच नावाने चालते.

मागणी आल्यावर पैदास शिस्तीत आली. मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री अ‍ॅलीने 1883च्या पुस्तकात एक युक्ती सांगितली. अळ्या असलेल्या पोळ्याची पट्टी कापायची, एक सोडून एक अळी काढून टाकायची, म्हणजे राणीघरे एकमेकांना चिकटत नाहीत आणि सुटी कापता येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बोरोडिनोच्या जी. एम. डूलिटलने पोळ्याचीही गरज ठेवली नाही. गवत ओढायच्या दाताळ्याचा लाकडी दात वितळलेल्या मेणात बुडवून तो मेणाच्या वाट्या बनवी, त्यांत रॉयल जेलीचा ठिपका ठेवी आणि त्यावर एकेक कोवळी अळी उचलून ठेवी. त्याचे 1889 सालचे पुस्तक आजही राणीपैदाशीचा पाया आहे. अळी जेमतेम दिवसाची असावी, ही अट तेव्हापासून आजपर्यंत बदललेली नाही. अंडे घातल्यापासून सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. कामकरी माशीला एकवीस लागतात, नराला चोवीस.

आता राणीकोश डझनांनी मिळू लागले आणि घरांची टंचाई जाणवू लागली. पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर गावच्या ई. एल. प्रॅटने 20व्या शतकाच्या आरंभी पेटी लहान करण्याचा ध्यासच घेतला. त्याच्या 'तान्ह्या वसाहती' इतक्या छोट्या होत्या की मूठभर माश्यांवर राणीचे मीलन पार पडे. नासाडी जवळजवळ नाही, खर्च नगण्य. पण चिमुकल्या वसाहतीला स्वतःची ऊब राखता येत नाही. उन्हाची तिरीप आली की मेण वितळते, अन्न संपले की दोन दिवसांत उपासमार, शेजारच्या तगड्या माश्या येऊन साठा लुटून नेतात. आणि कधी राणी उडाली की सगळ्याच तिच्या मागे निघतात, पेटी रिकामी. पुढच्या शंभर वर्षांतले बहुतेक बदल या दुखण्यांवरचे उपाय आहेत: जाड थर्मोकोल, आत दाट लगद्याचा साठा, बारीक दार, सावली.

डार्टमूरच्या माळावर मात्र अगदी उलटा विचार झाला. इंग्लंडमधल्या बकफास्ट मठात, तिथे पसरलेल्या रोगाने पहिल्या महायुद्धाच्या काळात 46 पैकी 16च वसाहती वाचल्या. पुढे मधमाश्यांची जबाबदारी घेतलेल्या ब्रदर अ‍ॅडम यांनी 1925 मध्ये त्या ओसाड, झाडे नसलेल्या माळावर मीलनकेंद्र उभारले. आसपास दुसऱ्या वसाहती तग धरत नाहीत, म्हणून बाहेरचे नरही नाहीत. त्यांच्या पेट्यांना चार कप्पे असत, प्रत्येकाचे दार वेगळ्या दिशेला, आणि राण्या त्याच पेट्यांत हिवाळा काढत. जी राणी माळावरची थंडी सोसून वसंतात धडधाकट निघाली, तीच पुढे न्यायची. कपभर माश्यांच्या पेटीत ही पारख होत नाही. मला ब्रदर अ‍ॅडम यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. राणी विकायची असेल तर प्रॅट, राणी निवडायची असेल तर बकफास्ट.

मीलनासाठी जागा निवडण्याची ही पद्धत युरोपात इतरत्रही होती. स्विस मधपाळांनी आल्प्सच्या दऱ्या निवडल्या, जर्मनांनी उत्तर समुद्रातली बेटे. तिथे नेलेल्या लहान पेट्यांमधल्या माश्या आधी जाळीतून गाळून घेतात, म्हणजे एकही परका नर सोबत जात नाही. एका चौकटीची, दोन्ही बाजूंना काच असलेली जर्मन पेटी याच कामासाठी सोयीची पडते. तपासणाऱ्याला उघडावी लागत नाही.

आभाळात नेमके काय होते, हे उशिरा कळले. 18व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या गिल्बर्ट व्हाइटने आपल्या गावाच्या टेकडीवर, हवेत माशी दिसत नसताना मोठा गुणगुणाट ऐकल्याची नोंद केली होती. 1960च्या दशकात ऑस्ट्रियातल्या रुटनर बंधूंनी आणि इतरांनी दाखवून दिले की नर ठराविक जागी हवेत जमतात, आणि त्या जागा वर्षानुवर्षे त्याच राहतात. नॉर्मन गॅरीने 1962 मध्ये राणीचा गंध फुग्याला बांधून वर सोडला आणि नर त्याच्यामागे धावताना पाहिले. राणी एका फेरीत अनेक नरांशी मीलन करते, प्रत्येक नर त्यातच मरतो. कृत्रिम रेतनाची रीत लॉइड वॉटसनने 1926 मध्ये दाखवली आणि प्रयोगशाळांत ती रुळली. तरी बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक राण्या अजून उघड्या आभाळात मीलन करतात. पेटीचा प्रत्येक कोपरा माणसाने ठरवला, पण राणी कोणत्या नराचे बीज पोटात घेऊन परतेल हे तो बेटावर किंवा दरीत पेटी नेऊनच थोडेफार ठरवू शकतो.

आपल्याकडे हा वारसा आला तो इटालियन माशीसोबत. 1960च्या दशकात नगरोटा बगवान येथे, तेव्हाच्या पंजाबात, ती प्रथम यशस्वी रुजवली गेली, आणि तिच्याबरोबर वाट्या, डबी, लहान पेटीही. आपली देशी माशी, सातेरी, यात मागे पडली. पुण्यात 1962 मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली, महाबळेश्वर परिसरात सातेरीवर मधपाळांच्या पिढ्या जगल्या, मांघर हे 2022 मध्ये राज्यातले पहिले मधाचे गाव ठरले. तरी सातेरीच्या वसाहती मिळवायचा मोठा मार्ग अजून झाडांच्या ढोलीतून किंवा थव्यातून पकडून आणणे हाच आहे. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती झपाट्याने मारल्या. त्यातून ज्या वाचल्या, त्यांच्यापासूनच राण्या वाढवायच्या होत्या, हे शिराखच्या काळापासून माहीत असलेले काम आहे.

सातेरीला कपभर माश्यांची पेटी जशीच्या तशी चालत नाही. ती जरा दुखावली की घर सोडते. लहान पेटी म्हणजे तिला पळायला निमित्त. म्हणून पिलावा (अंडी, अळ्या) असलेल्या दोन-तीन चौकटी देऊन विभाजन करणे बरे पडते: उघडा पिलावा टाकून सातेरी सहसा जात नाही. नर कधी तयार आहेत हेही ओळखता येते. तिच्या नराच्या कोशावरचे मेण कामकरी माश्या काढून टाकतात आणि खाली मधोमध बारीक भोक असलेली शंकूसारखी टोपी उघडी पडते. पोळ्यात अशा टोप्या दिसल्याशिवाय राणी वाढवायला घेऊ नये. नाहीतर कुमारी राणी तयार होईल तेव्हा आभाळात नर नसतील.

नरांच्या उडण्याची वेळही पाहावी लागते. श्रीलंकेत 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की फुलोरी माशीचे नर भर दुपारी बारा ते अडीच, सातेरीचे सव्वाचार ते सव्वापाच, आणि आग्याचे संध्याकाळी सहानंतर उडतात. याच तीन माश्या सह्याद्रीतही नांदतात, आणि तिघींच्या राण्यांचा गंध नरांना जवळजवळ सारखाच वाटतो. घड्याळ वाटून घेतल्यामुळे ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. इटालियन नर मात्र दुपारपासून उडतात आणि त्यांचा काळ सातेरीच्या काळाला भिडतो. सातेरीच्या राणीचे इटालियन नराशी मीलन झाले तर अंडी पुढे वाढत नाहीत. सातेरीच्या राण्या पैदा करायच्या असतील तर इटालियन पेट्यांचे तळ नसलेली दरी निवडावी, आणि तिथे नर असलेल्या निरोगी, जुन्या सातेरी वसाहती आधीपासून वसवलेल्या असाव्यात.